नऊ बोटांची लिफ्ट

मी व्हॉलीबॉल बोलतोय. नवाकोरा असताना माझी कातडी पिवळी-निळी होती. आता तिचा रंग विचारू नका. कारखान्यात अठरा पट्ट्या चिकटवून मला गोल केलं, हवा भरली आणि एका बाईनं गालाला लावून मी गळतोय का ते पाहिलं. पुढे कॉलेजच्या हॉलमध्ये आलो. स्टोअरच्या काकांनी माझ्यावर शाईनं सात आकडा घातला.

आम्हा बॉलना चेहरे लक्षात राहत नाहीत. माणसं आम्हाला ओळखू येतात ती हातांवरून.

त्या संघात दोन सख्ख्या बहिणी होत्या. धाकटी ताडमाड उंच, म्हणून तिला सगळे ‘शिडी’ म्हणत. ती स्मॅश मारायची. थोरलीला सगळा संघच ‘ताई’ म्हणे. ताई लिफ्टर, म्हणजे नेटजवळ उभी राहून स्मॅशसाठी बॉल उंच उचलून देणारी. तिची डावी करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती, त्यामुळे ती मला नेहमी नऊच बोटांनी उचलायची. इतका अलगद हात मला पुन्हा लाभला नाही.

शिडी मला बघायचीसुद्धा नाही. मी ताईच्या हातात पोचण्याआधीच ती उडी घ्यायची.

“अगं, एवढी घाई कशाला?” सर ओरडायचे.

“ओरडू नका सर,” ताई हसायची. “तिनं फक्त उडी मारायची. बॉलचं मी बघते.”

आणि मी बरोब्बर शिडीच्या तळहातासमोर जाऊन थांबायचो.

मग ताईला ताप आला. चार दिवसांत ती गेली.

पंधराव्या दिवशी शिडी हॉलवर आली. सर म्हणाले, “घरीच थांब ना थोडे दिवस.”

“घरी आई तिचे बूट पुसत बसलीये, सर. रोज पुसते. मला इथंच राहू द्या.”

ताईच्या जागी एक नवी मुलगी आली. बुटकी, चपळ, सतत काहीतरी करत असलेली. तिला नाव पडलं ‘मुंगी’. तिचे हात घामेजलेले असत आणि लिफ्ट कधी बुटकी, कधी लांब जाई. शिडी सवयीनं आधीच उडी मारायची, हवेत नुसताच हात फिरवायची आणि खाली यायची.

तिसऱ्या दिवशी मुंगी घसरली. मी जमिनीपासून वीतभर राहिलो होतो. तेवढ्यात खालून बोटं लागली. पहाटेच्या लोखंडी कठड्यासारखी गार. मी मोजली. नऊ होती.

मी सरळ वर गेलो. शिडीनं मला असं हाणलं की पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आलो.



“कोणी दिला तो?” सरांनी विचारलं.

मुंगी अजून जमिनीवरच बसलेली. “मी नाही, सर. माझा हातच लागला नाही.”

त्यानंतर आमचा संघ हरेना. मुंगी धावायची, हात वर करायची, पण मी तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच ती गार बोटं मला उचलून न्यायची. लांबून पाहणाऱ्याला वाटे, काय छान लिफ्ट दिली पोरीनं! संघातल्या मुलींना मात्र ठाऊक होतं. नेटजवळची एक जागा त्या मोकळी सोडू लागल्या. चुकून कुणी तिथं गेलीच, तर पटकन बाजूला व्हायची, एखाद्याच्या पायावर पाय पडल्यासारखी.

शिडीचं जेवण तुटलं. गाल आत गेले. पण उडी दिवसेंदिवस उंच होत होती आणि ती खाली येताना बुटांचा आवाजच होत नव्हता.

अंतिम सामन्याच्या दिवशी, मी पिशवीत असताना, कपडे बदलायच्या खोलीत मुंगीचा आवाज ऐकला. “सगळे माझं कौतुक करतात आणि मला रडू येतं. ताई गेल्या, मला कळतं गं. पण मी आहे ना अजून? माझ्याकडे एकदा तरी बघशील?”

शिडीनं बुटाची नाडी करकचून ओढली, एवढंच ऐकू आलं.

शेवटच्या सेटमध्ये आम्ही एका गुणानं मागे होतो आणि समोरच्यांना जिंकायला एकच गुण हवा होता. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे समोरच बसले होते. मागच्या मुलीनं मला छान वर काढलं. मुंगी बरोबर माझ्याखाली आली. तेवढ्यात मला तो गारवा लागला. नऊ बोटांनी मला धरलं.

पण शिडीनं उडी मारली नाही.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “राहू दे आता. तिला देऊ दे.”

मी हवेत थांबलो. पुढे लोक म्हणाले, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तसं भासलं. नाही. मी थांबलो होतो. मग एकेक करून बोटं सुटली. शेवटचं सुटायला फार वेळ लागला.

मी मुंगीच्या हातात पडलो. दहा बोटं, ओली. लिफ्ट बुटकी झाली. शिडीनं कशीबशी उडी मारली आणि मला नेटमध्ये घातलं. सामना गेला. निवडही गेली.

शिडी तिथंच खाली बसली. ताई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, मुंगीच्या खांद्यावर डोकं टेकून, मोठमोठ्यानं.

पुढची दोन वर्षं त्या दोघी पाठ मोडेस्तोवर सराव करत होत्या. शेवटच्या वर्षी दोघींचीही विद्यापीठाच्या संघात निवड झाली. एका हंगामानंतर शिडीच्या गुडघ्यानं दगा दिला आणि खेळ सुटला. आता ती एका शाळेत मुलींना शिकवते. “आधी बॉल बघा, मग उडी मारा,” असं सांगते म्हणे.

मी अजून स्टोअरच्या जाळीत आहे. इतर बॉल महिन्याभरात मऊ पडतात. काका त्यांना पंप मारतात. माझ्यापाशी आले की अंगठ्यानं दाबून पाहतात आणि पुटपुटतात, “याला लागतच नाही.” नऊ वर्षं झाली. त्या अंतिम सामन्यानंतर माझ्यात कुणी हवा भरलेली नाही आणि ती कमीही होत नाही. मला ती जड वाटते, आणि त्या नऊ बोटांसारखी गार.

काका, माझं एवढं ऐका. एकदा माझ्यात सुई घाला आणि मला पार रिकामा करा. मग पंपानं साधी हवा भरा आणि कुणाच्याही हातात द्या, अगदी शिकाऊ मुलींच्या. हवा सुटताना आवाज होईल. कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय असं वाटलं, तरी सुई मात्र काढू नका.