गस्टोचं रेकॉर्डिंग

बोलत्या इंग्रजी शब्दकोशाचं काम आमच्या स्टुडिओला मिळालं आणि आवाजासाठी मी धाकट्या बहिणीला आणून बसवलं. तिच्या तोंडाचा पट्टा एरवीही दिवसभर चालूच असतो, म्हटलं जरा कारणी लागू दे.

आमचे मालक महाहट्टी. उदाहरणाच्या वाक्यात असेल ते आधी स्वतः करायचं आणि मगच वाक्य म्हणायचं, नाहीतर आवाज कोरडा येतो, असं त्यांचं म्हणणं. 'रन'च्या वेळी त्यांनी तिला जिना चढायला-उतरायला लावला होता.

मग 'गस्टो' आला. तिनं अर्थ विचारला. मी म्हटलं, उत्साहच, पण चवीनं केलेला. जेवणात, गाण्यात, अगदी भांडणातसुद्धा. आणि हा शब्द सहसा एकटा फिरत नाही, 'विथ'चं बोट धरून येतो.

"म्हणजे मीच की," ती म्हणाली. ते खरंच होतं.

पहिलं वाक्य खाण्याचं. तिनं अख्खं सफरचंद कराकरा खाल्लं आणि वाक्य म्हटलं. मालक खूश. घरी आल्यावर मात्र तिनं ताटात अर्धं अन्न तसंच ठेवलं. दुसरं वाक्य गाण्याचं. ती मोकळ्या गळ्यानं गायली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये नुसता पाण्याचा आवाज. "दमली असेल रे पोर," आई म्हणाली. तिसरं वाक्य हसण्याचं होतं. ते झालं आणि माझ्या विनोदांवर ती नुसती मान डोलावू लागली. माझे विनोद पांचट असतात हे मान्य, पण ती त्यांनाच तर हसायची.

मी घाबरलो. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, काहीतरीच तुझं. मग मी एकटाच ते रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. पहिलं वाक्य संपल्यावर शांतता हवी होती. तिथे ती गुणगुणत होती. मधेच आईच्या सुरात म्हणाली, "दमली असेल रे पोर," आणि खळखळून हसली. आई तर हे घरी बोलली होती, तेही हे वाक्य रेकॉर्ड झाल्यानंतर.

माझी बहीण तिथे, त्या रेकॉर्डिंगमध्ये होती, धडधाकट होती, आणि मला ती परत हवी होती. मी घरच्या बहिणीला स्टुडिओत बोलावून खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले. वाटलं, स्वतःचाच आवाज आहे, ऐकला की ओळखेल.

ती ऐकत राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. माझा जीव भांड्यात पडला. तिनं हेडफोन काढून जपून माझ्या हातात दिले.

"दादा, कोण रे ही? हिला घरी घेऊन चल ना. आईला हल्ली करमत नाही."