आधी उमटणारं टिंब

कुंडलच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर लॅपटॉप, त्याला कुंकवाचं बोट लावलेलं, आणि शेजारी दोन्ही हात वर करून बसलेले धनाजीमहाराज. लॅपटॉपला कुणाचा हात नाही, तरी भिंतीवरच्या टीव्हीत नोटपॅडच्या कोऱ्या खिडकीत एक टिंब उमटलं, पुसलं गेलं आणि मग अक्षरं येऊ लागली. रा... ही...

"टिंब म्हंजी आत्म्यानं वाजवलेली कडी!" महाराज गरजले. "देह सुटतो, खिडकी उघडी ऱ्हाती!"

पुढच्या रांगेत राहीबाई हुंदके देत होत्या. फौजेतले त्यांचे यजमान मानसिंग वारून तीन वर्षं झाली होती. ते आता टीव्हीत लिहीत होते, 'राही, पाय काढू देऊ नको.' साखरेच्या दुखण्यानं राहीबाईंचा पाय सडत चालला होता. दोन महिन्यांपूर्वी नुसता अंगठा काढून भागत होतं. आता डॉक्टरांनी अख्ख्या पावलासाठी सोमवारची तारीख दिली होती.

मागं सबा उभी होती. ते टिंब तिचं होतं.

सबा इस्लामपूरच्या एका लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम बघायची. तपासणीच्या यंत्राचा प्रोग्राम आणि रिपोर्टचा प्रोग्राम यांचं एकमेकांशी जमेना, म्हणून तिनं तिसरा लिहिला. तो नावावरून रिपोर्टच्या प्रोग्रामची खिडकी शोधायचा, आतली लिहायची चौकट पकडायचा, खात्रीसाठी एक टिंब टाकून पुसायचा आणि मग मजकूर भरायचा. तेव्हा तिथंच कामाला असलेला हाच धनाजी म्हणाला होता, "सबा, एकेक अक्षर, माणूस लिवल्यागत येईल का गं?" कशाला, हे तिनं विचारलंच नाही. शाबासकीच्या हौसेनं करून दिलं. रिपोर्टच्या खिडकीऐवजी नोटपॅडचं नाव धनाजीनं नंतर घातलं.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या राहीबाईंनीच तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "बघ गं, ह्ये बोलत्यात माझ्याशी. अंगठा काढू नगं म्हंत्यात." सबानं टिंब ओळखलं आणि मूग गिळून बसली. आपलं नाव निघेल, नोकरी जाईल, एवढंच तिला सुचलं. लाज वाटावी असंच होतं ते.

आज मात्र ती पुढं झाली. तिनं नोटपॅड बंद केलं, लिहिण्याचा दुसराच प्रोग्राम उघडला. "बोलवा आत्म्याला!"

आत्मा गप्प. तिनं पुन्हा नोटपॅड उघडलं. टिंब हजर!

"हात लावू नगंस, कोप हुईल!" धनाजी ओरडला.

"मेलेला माणूस खिडकीचं नाव बघून येतो व्हय?" म्हणत सबानं मागं लपून चालणारा प्रोग्राम सगळ्यांना दाखवला. धनाजीनं आधीच लिहून ठेवलेली उत्तरं तिनं पुसली, तिथं स्वतःची ओळ घातली, प्रोग्राम सुरू केला आणि दोन्ही हात वर केले. टिंब आलं, गेलं. मग भिंतीवर उमटलं, 'मी मानसिंग नाही. मला सबानं लिहिलं.'

धनाजी चपला शोधू लागला. लोकांनी त्याला दारातच धरलं.

राहीबाईंनी हळूच विचारलं, "मग ती 'राही' म्हणून हाक... ती तरी त्येंची व्हती का गं?"

"न्हाई मावशी. ती धनाजीनं लिवली. लिवायची सोय मी करून दिली."

"तुला कवापास्नं ठावं?"

"तुमी व्हिडिओ दावला तवापास्नं."

राहीबाईंनी मान फिरवली.

सोमवारी पाऊल काढलं. पुढच्या आठवड्यात गावकरी शाल-नारळ घेऊन सबाच्या दारात आले. ती राहीबाईंच्या पायाची पट्टी बदलून नुकतीच परतली होती. राहीबाई अजून तिच्याशी बोलत नव्हत्या.

"सत्कार नगं," ती म्हणाली. "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी इचारा, ह्ये कोण करतंय? आन् ज्याला ठावं हाय त्यानं त्याच दिवशी सांगा. मी दोन महिनं थांबले."