आईने कापलेले फोन

संध्याकाळपासून दीप्ती सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होती. चहा केला तो निवला, आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. तिकडे अमेरिकेत सकाळ उजाडलेली, आणि तिचा धाकटा भाऊ धम्मानंद कुठे होता याचा पत्ता नाही.

व्हिसाच्या भानगडीत त्याला उचलून डिटेन्शन सेंटरात टाकलं होतं. त्याच्या वकीलबाईंनी फेडरल कोर्टासाठी हेबियस कॉर्पसचा अर्ज तयार ठेवला होता: याला का डांबलंय ते न्यायाधीशापुढे सांगा, नाहीतर सोडा. पण माणूस ज्या भागात कोंडलेला, तिथल्याच कोर्टात अर्ज द्यायचा, तोही तो तिथे असेपर्यंत. आणि काल त्याला गुपचूप हलवलं.

"त्याने कुणाला तरी फोन केलाच असेल," बाई म्हणाल्या होत्या.

दीप्तीचा फोन तर गप्पच होता.

आई सोफ्यावर लसूण सोलत होती. तिला सांगून ठेवलेलं, धम्मा कॉन्फरन्सला गेलाय. का, तर तिचं बीपी वाढेल! सगळा शहाणपणा दीप्तीचाच.

"बस की गं जरा," आई म्हणाली. "आणि त्या स्कॅमवाल्यांनी आज नुसता उच्छाद मांडलाय. अमेरिकेचा नंबर. कैदी म्हणे, बोलायचं तर एक दाबा म्हणे. तूच शिकवलंस ना, पोलीस, तुरुंग ऐकलं की कट करायचं? सकाळपासून कट करतेय."

दीप्ती आईसमोर येऊन बसली. धम्माला पाठ असलेला नंबर एकच, आईचा.

तिने सगळं सांगून टाकलं. आई रडली नाही, ओरडली नाही. "आणि मला कॉन्फरन्स सांगितलंस," एवढंच म्हणाली.

फोन वाजला. दीप्तीने हात पुढे केला, पण आईने फोन दिला नाही. लसणाच्या बोटाने तिनेच एक दाबलं.

"आई, कापत का होतीस गं?" धम्मा म्हणाला.

आईने फोन स्पीकरवर टाकला.

"धम्मा, कुठल्या गावात आहेस ते आधी सांग," दीप्ती म्हणाली.

त्याने गावाचं नाव सांगितलं. "पण ताई, बस आलीय. आम्हाला रांगेत..."

फोन तुटला. दीप्तीने ते नाव आणि बस आल्याचं वकीलबाईंना कळवलं, आणि दोघी स्क्रीनकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. अर्ज दाखल झाला होता. खाली बाईंनी विचारलं होतं, अर्ज दाखल होण्याआधीच बस निघाली होती का?

"मी सकाळीच उचलला असता तर..." आई म्हणाली.

चूक आईची नव्हती. ती कुणाची, हे दोघींनाही ठाऊक होतं. दीप्तीला आईकडे मान वर करून बघवेना.