मागून गुलाबी मोगरा

शनिवारी सकाळी साडेसहाला तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या बाहेर, रंगरावांच्या शेतात जेसीबीचं इंजिन सुरू झालं आणि भवानी चपला हातात घेऊन त्याच्यापुढे धावली.

"थांबवा! अण्णा, थांबायला सांगा त्याला!"

रंगरावांनी हात वर केला. यंत्र घरघरत उभं राहिलं. त्याच्या दातांसमोर, बुजलेल्या विहिरीच्या कडेला मोगऱ्याचं झुडूप फुललं होतं. भवानीने एक फूल तोडून उलटं धरलं. पाकळ्यांचा घट्ट गेंद, मागे गुलाबी रेघा.

"अत्या, रेघा आहेत! तुम्ही सांगत होतात तशाच!"

शेषम्मा आपल्या मुलाचा, श्रीकरचा, हात धरून बांधावरून येत होत्या. त्यांची दृष्टी गेल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या घरी चैत्रगौरीला अशा गुलाबी रेघांचाच मोगरा वाहत. परसातलं शेवटचं झुडूप वाळलं, तेव्हापासून बाजारातला मोगरा आला. तो वाहताना शेषम्मा दर वर्षी गौरीची माफी मागत.

"उपटून न्या की," रंगराव म्हणाले.

"ऐन उन्हाळ्यात जगणार नाही."

"शेताच्या पाण्याचा पाइप इथूनच जायचाय, ताई. हा तोच मोगरा असं अम्मा म्हणाल्या, तर वळवतो. तुमच्या कॉलेजातल्या झाडाफुलांच्या हौसेसाठी नाही."

भवानीने फूल शेषम्मांच्या तळहातावर ठेवलं.

"वास घ्या, अत्या. लगेच कळेल."

"वास? काय बोलतेस गे! देवीचं फूल ते. माळ करताना नाकावर पदर बांधत होतों आम्ही. जन्मांत एकदा घेतला नाही."

"मग बोटांनी बघा."

शेषम्मांनी देठ चाचपलं, पाकळ्या चाचपल्या.

"मऊ आहे."

"मोगरा मऊच असतो, अम्मा," रंगराव हसले. "सरी, असू दे. तुम्हालाच ठाऊक नाही, तर मज कसं कळायचं?"

त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. यंत्राचा हात वर उचलला गेला.

शेषम्मांनी फूल नाकाशी नेलं. डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. श्रीकर काही बोलणार होता. भवानीने त्याचं मनगट दाबलं.

"तोच," शेषम्मा म्हणाल्या. "तोच आहे."

अम्मांनी देवीचं फूल नाकाशी नेलेलं पाहून रंगरावांनी हात वर केला. मग ड्रायव्हरकडे वळून ओरडले, "विहिरीच्या पलीकडून घे रे!"

भवानीने चपला टाकल्या आणि टाळीच वाजवली. शेषम्मांनी तिची वेणी चाचपली आणि हातातलं फूल तिच्या केसांत खोवलं.

"हे आता गौरीला चालायचं नाही. दुसरी तोड. आणि नाक झाक."

पाइप विहिरीला वळसा घालून गेला. भवानीने फुलाचे फोटो चेन्नईच्या एका वनस्पतितज्ज्ञ बाईंना पाठवले आहेत. हा मोगरा कुठला, हे त्यांनी अजून कळवलेलं नाही.