बॉनेटखालचा हात

रविवारी सकाळी आठ वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरंटोरं कुंपणावर चढली होती, समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून ओणवल्या होत्या आणि सगळ्यांच्या नजरा एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या उघड्या बॉनेटवर खिळल्या होत्या. गाडी जागच्या जागी उभी होती, इंजिन चालू होतं, आणि ती हिवताप भरल्यासारखी थडथडत होती.

हातवाल्या महाराजांनी बाही कोपरापर्यंत मागं सारली, डोळे मिटले आणि उजवा हात इंजिनात खोल घातला.

थडथड थांबली. इंजिन एका सुरात, अगदी शहाण्यासारखं चालू लागलं. गर्दीतून "अगं बाई!" असा एकच उद्गार निघाला.

"मी काही करत नाही," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "हात करतो. मी हाताला विचारत नाही, हात मला विचारत नाही. आमचं दोघांचं असंच चाललंय." त्यांनी हात बाहेर काढला. गाडी पुन्हा थडथडू लागली. "बघा! मालक इथंच आहेत. त्यांना घर सोडवत नाही, माई!"

पायरीवर खुर्ची टाकून बसलेल्या आईच्या डोळ्यांना धार लागली. तिच्या मागं उभ्या असलेल्या थोरल्या लेकीच्या अंगावर काटा आला. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण काटा आलाच, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते. गाडी त्यांचा जीव की प्राण. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत, मिस्त्रीकडेही न्यायचे नाहीत. "हिला एकही दुखणं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खरोखरच, ते होते तोवर गाडीनं कधी तक्रार केली नाही. ते गेले, आणि पंधरा दिवसांनी ती थरथरायला लागली. फाटकापाशी येऊन उभी राहिली की थरथर, रस्त्यावर पळताना काही नाही. ब्रेकही दगडासारखा घट्ट झाला. थोरलीच्या धाकट्या भावानं कुठून तरी महाराजांना आणलं, आणि महाराजांनी पाच मिनिटांत निदान केलं. मालक आत आहेत, पाय रोवून बसलेत, म्हणून ब्रेक दबत नाही.

इथवर झालं असतं तर थोरलीनं हसून सोडून दिलं असतं. पण महाराजांनी पुढचं पाऊल टाकलं होतं. "माई, तुमचं काळीज आणि हे इंजिन एकाच दोरीनं बांधलंय. इंजिन शांत झालं की काळीज आपोआप शांत. औषधं घ्याल तर दोरी तुटेल." त्या दिवसापासून आईनं हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. आज नववा दिवस होता. जिना चढताना तिला मध्ये बसावं लागत होतं आणि पाठीशी तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती.

गर्दी पांगल्यावर थोरली गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

"आई, एवढी एक घे. माझ्यासाठी."

"तुझे बाबा माझ्यासाठी थांबलेत गं," आई धापा टाकत म्हणाली. "मी रोज सकाळी गाडीत बसून त्यांच्याशी बोलते. गोळी घेतली आणि ते गेले तर?"

"डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकल्या तर छातीत पाणी भरेल."

"डॉक्टरांना काय दिसतं? आत्ता तूही बघितलंस ना डोळ्यांनी?"

थोरलीनं पेला खाली ठेवला. तिनं खरंच डोळ्यांनी बघितलं होतं. भीती अशी होती की उत्तर सापडेपर्यंत आई हातची जाईल.

सोमवारी ती गाडी घेऊन शाळेत गेली. धाकटा नको नको म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. पहिल्याच सिग्नलला गाडी उभी राहिली आणि थडथडली. पावाच्या दुकानापुढं थडथडली. शाळेच्या फाटकाशी थडथडली. बाबांना घर सोडवत नाही हे ठीक, पण पावाच्या दुकानात त्यांचा जीव कशाला अडकेल? ते तर मधुमेही. थोरलीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. घरचे सगळे फक्त फाटकापाशी बघत होते, म्हणून सगळ्यांना फक्त फाटकच दिसलं होतं.

शाळा सुटल्यावर तिनं गाडी तशीच हळूहळू जुन्या मिस्त्रीच्या गॅरेजात घातली. मिस्त्री सत्तरीचा, एका कानानं अधू, आणि बोलायला फटकळ.

"मिसिंग करतेय," इंजिन ऐकताच तो म्हणाला. "चारातलं एक सिलिंडर मधूनमधून दांडी मारतंय. कोणतं ते बघू." रबरी मुठीच्या पकडीनं त्यानं चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढली आणि परत लावली. पहिल्या तिन्ही वेळा इंजिन मरगळलं. चौथी काढली तर त्याला काही फरकच पडला नाही. "हा कामचुकार. आता प्लग खराब आहे का बघायचं." त्यानं चौथ्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा चौथ्यात घातला. दांडी चौथाच मारत राहिला. "प्लगचा दोष नाही. ब्रेक घट्ट लागतो का गं?"

थोरली चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं उत्तर न देता रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक चांगल्या कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवत गेला. एका जागी थांबला. "हं. हिस्स करतंय. ये, ऐक."

चौथ्या सिलिंडरजवळून एक जाड पाइप ब्रेककडे जात होता. इंजिन हवा ओढतं, त्याच ओढीचा जोर या पाइपातून ब्रेकला मिळतो. पाइपाला खालच्या अंगाला बोटभर चीर होती. "गाडी उभी असताना इंजिन थोडीच हवा घेतं. त्यात ही चोरटी हवा शिरली की पेट्रोलचं आणि हवेचं गणित बिघडतं. पळताना हवा भरपूर लागते, तेव्हा एवढी चोरी पचून जाते." असं म्हणून मिस्त्रीनं चिरेवर तळहात दाबला.

थडथड थांबली. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

थोरलीनं त्याला महाराजांची सगळी हकिगत सांगितली. "काका, ते महाराज सकाळीच का येतात हो? इंजिन तापायच्या आधी?"

"तापल्यावर हात घालेल तर भाजेल ना! महाराज असला तरी कातडी कातडीच. पूर्वी टेम्पोबिंपो चालवत असणार तो. थांब, नवीन पाइप टाकून देतो."

"आज नको. आज गाडी नीट झाली तर आई म्हणेल, महाराजांचा हात लागला. उद्या सकाळी तो यायचाय. तुम्ही घरी या. तिच्यासमोर टाका."

"या ब्रेकवर गाडी नेणार?" मिस्त्री उखडला. "मास्तरीण असून अक्कल गहाण टाकलीस का? आत्ता मीच चालवत घरी आणतो, सकाळी पाइप घेऊन येतो. ताशी दहाच्या वर जायचं नाही."

मंगळवारी सकाळी पुन्हा गर्दी, पुन्हा बाही कोपरापर्यंत, पुन्हा चमत्कार. महाराज म्हणाले, "आज मालक फार अस्वस्थ आहेत. आता गाडी माझ्या निवासावर आणून सोडा, मग मी रोज..."

"महाराज," थोरली पुढं झाली, "आज हात बॅटरीवर ठेवून बघता?"

"हात जिथं ओढला जातो तिथंच जातो, बाळ."

"मग आईचा हात तिथं ठेवू दे."

महाराजांचा चेहरा पडला, पण गर्दीसमोर नाही म्हणता येईना. थोरलीनं आईला धरून आणलं आणि तिचा तळहात चिरेवर नेला. इंजिन शांत झालं. आईचा चेहरा उजळला.

"ओढतायत," आई पुटपुटली. "हे माझा हात ओढतायत गं."

"सांगत नव्हतो?" महाराज ओरडले.

थोरलीला वाटलं, इथंच थांबावं. पण आईचा श्वास तिच्या गालाला लागत होता, आणि तो नीट येत नव्हता. तिनं आईचा हात हळूच काढला आणि स्वतःचा ठेवला. इंजिन शांत. मग शेजारच्या आजोबांचा. शांत. मग कुंपणावरच्या एका अनोळखी माणसाला बोलावलं. त्याचाही हात ओढला गेला.

"आई, बाबा याला ओळखत पण नव्हते," ती म्हणाली.

मागं थांबलेल्या मिस्त्रीनं इंजिन बंद केलं, फाटका पाइप काढून आईच्या हातात दिला, नवा बसवला आणि चावी फिरवली. कुणाचाही हात नव्हता आणि गाडी स्वस्थ चालत होती.

"मुक्त झाले!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "मालक मुक्त झाले!"

मिस्त्रीनं नव्या पाइपाचं टोक उपटलं. थडथड. परत लावलं. शांत. पुन्हा उपटलं. "आता परत अडकले का? मुक्त की अडकले, ते ठरवा एकदाचं. मला गॅरेज उघडायचंय."

गल्ली खो खो हसली. महाराज बाही खाली करत गर्दीतून वाट काढू लागले, आणि या वेळी हातानं त्यांना नक्कीच विचारलं असणार.

धाकटा मात्र हसत नव्हता. तो आईच्या हातातल्या फाटक्या पाइपाकडं बघत होता. "ताई, याच्यावर पट्टी होती. सायकलच्या ट्यूबची, तेलानं माखलेली. बाबा गेल्यावर मी रॉकेलनं सगळं इंजिन धुतलं. म्हटलं, त्यांची गाडी लखलखीत ठेवू. ती चिंधी मीच कापून फेकली. दुसऱ्या दिवसापासून थरथर सुरू झाली."

म्हणजे गाडीला दुखणं होतंच. बाबा ते कुणाला न सांगता बांधून ठेवत होते, आणि लेकानं ते प्रेमापोटी सोडून टाकलं होतं.

आईनं पाइपावरची चीर बोटानं चाचपली. मग तिनं विचारलं, "मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"

थोरलीला रडू आलं. "बाबा नव्हते गं, आई. पण ते होते तेव्हा तुझ्या गोळ्या रोज तेच काढून द्यायचे. त्यांना तू हवी होतीस. महाराजांना गाडी हवी होती."

आईनं हात पुढं केला. गोळी घेताना तिनं डोळे मिटले होते, आणि पाणी गळ्याखाली उतरल्यावरही ते उघडले नाहीत.

त्याच गाडीतून ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर रागावले, सुई टोचली, आणखी आठवडा गेला असता तर मी काही करू शकलो नसतो म्हणाले. छातीतलं पाणी उतरेल, पण हृदयाचं झालेलं नुकसान किती भरून येईल ते सांगता येत नाही, असंही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली. कडेवर तापानं फणफणलेली मुलगी. "माई, ते हातवाले राहतात कुठं? गाडीचं काही का असेना, हाताला गुण आहे म्हणतात."

धाकटा चिडून उठला. आईनं त्याला खुणेनं बसवलं. तिनं पांघरूण बाजूला केलं, पाण्यानं सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कातडीत खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हा त्यांच्या हाताचा गुण," ती म्हणाली. "इंजिन कशानं शांत होतं हे मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं, कारण जे ऐकायचं होतं तेच ते सांगत होते. तू तसं करू नकोस. कुणी काही दाखवलं तर आधी विचार, कसं झालं? आणि पोरीला आत्ता, या पावली डॉक्टरकडे ने."

बाई अजून दारात घुटमळत होती. आईनं धाकट्याला गाडी काढायला सांगितलं.