पाटीवरचा नमुना

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. जन्माने मात्र मी सुई नव्हे. वसंत मास्तरांच्या सायकलच्या मागच्या चाकात चाळीस तारा होत्या, त्यांतली मी एक. सत्तेचाळीस साली कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ते चाक एका बैलगाडीखाली सापडले आणि पार वाकडे झाले. मास्तर नशिबाने वाचले. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, तरी चांगल्या विलायती सुया बाजारात मिळत नव्हत्या. तेव्हा मास्तरांच्या पत्नी श्यामलाबाई त्यांतून सरळ राहिलेल्या मला निवडून सायकल दुरुस्त करणाऱ्या जोतीरामकडे गेल्या.

"हिच्या टोकाला आकडी काढून द्याल का? दोरा अडकला पाहिजे, पण फाटता कामा नये."

जोतीरामने मला उलटेसुलटे करून पाहिले. "असलं नाजूक काम कधी केल्यालं न्हाय, वैनी. पर तार चिवट हाय. बघतो की!"

त्याने मला तापवले, ठोकले, दोन दिवस कानशीने घासले. मी किती कळवळले ते माझे मला ठाऊक. पण श्यामलाबाईंनी मला पहिल्यांदा बोटांत धरले आणि पांढऱ्या दोऱ्याची एक साखळी सरसर विणली, तेव्हा सगळे दुखणे विसरले. चाकात होते तेव्हा मी गोल फिरत होते. आता मी जागच्या जागी राहून दोरा गोल फिरवू लागले. म्हणजे बढतीच म्हणायची!

आमच्या घरात तिसरी एक व्यक्ती होती. नंदिनी. मास्तरांची एकुलती एक मुलगी, पाच वर्षांची, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी.

शेजारी सरोजिनीबाई राहत. त्यांच्याकडे विलायती नमुन्यांचे एक पुस्तक होते. ते पुस्तक त्या कुणाच्या हाती देत नसत. श्यामलाबाई त्यांच्या ओसरीवर बसून चित्रे पाहत, टाके मनात मोजत आणि घरी येऊन विणत. एकदा हळदीकुंकवाला आमचा नवा रुमाल ताटावर झाकलेला पाहून सरोजिनीबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "उतरवून घेतलेला नमुना कधी आपला होत नाही हो, श्यामलाबाई."

बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच ते जिव्हारी लागले. घरी आल्यावर श्यामलाबाई चूल फुंकायला बसल्या. नंदिनीने त्यांच्या पाठीवर रेलून विचारले, "आई, नमुने पुस्तकात यायच्या आधी कुठे असतात?"

मग त्या दोघींनी ठरवले, की आपण शोधायचे. आपला एक तरी नमुना काढायचा. कुणाचा पाहून न उतरवलेला.

ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. कापडी पिशवीत बसून मी त्यांच्याबरोबर सगळीकडे हिंडले. देवळाच्या खांबांवरची फुले पाहिली, रंकाळ्यात खडा टाकल्यावर उमटणारी वलये पाहिली. गडमुडशिंगीला गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावर बुडबुडे फुटताना पाहिले. नंदिनी ते सगळे पाटीवर काढी आणि तिची आई माझ्याकडून विणवून घेई. पण दर वेळी काहीतरी बिनसे. वलये ताटाएवढी होऊन कडेने मुरडत. कोल्हापुरी चपलेवरच्या चामडी वेणीचा नमुना तर असा झाला, की मास्तर वह्या तपासता तपासता म्हणाले, "हा सुरवंट कुठे सापडला?" दोघी मायलेकी पोट धरून हसल्या आणि सगळे उसवून पुन्हा बसल्या.

पन्नास साली भाद्रपदात नंदिनीला ताप आला. विषमज्वर. अन्न बंद झाले, नुसता मोसंब्याचा रस. केस गळले, आवाज बारीक झाला. तरी पाटी उशाशी हवीच. श्यामलाबाई दिवसरात्र तिच्या अंथरुणाशी बसत. हाताला चाळा म्हणून मी असे, पण टाके वेडेवाकडे पडत.

खंडेनवमीच्या दुपारी श्यामलाबाईंचा बसल्या बसल्या डोळा लागला. त्यांचा उजवा हात अंथरुणाच्या कडेवर सैल पडला आणि मी बोटांतून निसटून चादरीवर आले. नंदिनी जागी होती. तिने बराच वेळ आईच्या हाताकडे पाहिले. मग हळूच पाटी त्या हाताखाली सरकवली आणि पेन्सिलीने आईच्या बोटांभोवती रेघ ओढली. पाटी थोडी फिरवली, पुन्हा बोटांभोवती रेघ. असे पाच वेळा. मध्ये मध्ये दमून थांबे, पुन्हा सुरू करी. बोटांवर बोटे आली, रेघा रेघांना छेदून गेल्या आणि त्यांच्यामध्ये बदामाएवढी नाजूक भोके तयार झाली. तळव्याच्या जागी गोल, भोवती बोटांच्या पाकळ्या. असे फूल मी देवळात पाहिले नव्हते की पुस्तकात पाहिले नव्हते. मी सुई आहे, मला कळते. ते पहिल्या साखळीपासून शेवटच्या खांबाच्या टाक्यापर्यंत विणता येण्यासारखे होते!

नंदिनीने पाटी पालथी घालून उशाशी ठेवली. उद्या दसरा होता. उद्याच दाखवायची, असे तिने ठरवले असावे. तिने आईला उठवले नाही.

जाग आल्यावर श्यामलाबाईंना आपली बोटे पांढरी दिसली. पीठ लागले असेल समजून त्यांनी ती पदराला पुसली.

आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असते. पाटी स्वच्छ धुवायची, तिच्यावर सरस्वती काढायची आणि शेजारी घरातली पुस्तके-हत्यारे मांडायची. दर वर्षी हे काम श्यामलाबाई करत. त्या वर्षी तर त्यांना देवीकडे फार मोठे मागायचे होते. पहाटे उजाडायच्या आत त्यांनी मला, मास्तरांच्या दौतीला आणि उशाशी पालथ्या असलेल्या पाटीला उचलले. पाटी तशीच बादलीत बुडवली आणि ओल्या फडक्याने पुसली.

मी बाजूच्या ताटलीत होते. मी ओरडले, मित्रांनो. पण सुईचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

पूजा झाल्यावर सरस्वती काढलेली पाटी घेऊन त्या लेकीजवळ गेल्या. "नंदू, अक्षता वाहतेस ना? देवी तुला बरं करील."

नंदिनी पाटीकडे बघत राहिली. "आई, पुसायच्या आधी तू बघितलंस का गं?"

"काय बघायचं होतं?"

"नमुना होता. आपला."

श्यामलाबाईंच्या हातातल्या अक्षता सांडल्या. मग त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "असू दे, राणी. बरी झालीस की परत काढ. मी विणते की नाही बघ!"

"हं," नंदिनी म्हणाली आणि तिने डोळे मिटले. पेन्सिल धरण्याएवढे बळ तिला पुन्हा आले नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशी ती गेली.

महिन्याने श्यामलाबाईंनी मला हातात घेतले. भांडी घासायला येणाऱ्या झुंबरबाईला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, "तुम्ही तरी पाहिलं होतंत का, पाटीवर काय होतं ते?"

"म्या न्हाय बघितलं, वैनी. पालथी हुती की पाटी. आता किती दिस इचारशीला? रडू नगासा."

मग श्यामलाबाई दुपारी लेकीच्या जागी जाऊन झोपू लागल्या. तिला तिथून काय दिसत होते ते शोधायला. वर पाहिले तर कौले, म्हणून कौलांचा नमुना विणला. खिडकीचे गज विणले, गजांवर चढलेला जाईचा वेल विणला, चिमण्यांची पावले विणली. एक पुरा झाला, की मांडीवर पसरून बघत आणि म्हणत, "हा नव्हे."

तुम्हाला नवल वाटेल, पण बाईंचे नाव झाले ते या नमुन्यांमुळेच. उचगावपासून कोडोलीपर्यंतच्या बायका पत्ता विचारत येत. पंचावन्न साली विणकामाच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. सरोजिनीबाई स्वतः उंबरा ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला एवढं सुचतं तरी कुठून? मला एक उतरवून द्याल का?"

श्यामलाबाईंनी सगळे रुमाल त्यांच्यापुढे ठेवले. "कुठलाही न्या. तो ह्यांत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे लोक हसून म्हणतात. मला कधी हसू आले नाही. ज्या हाताचे फूल लेकीने काढले होते, त्याच हातात मला धरून त्या ते आठ वर्षे शोधत होत्या. कितीदा वाटले, त्यांच्या बोटाला टोचून सांगावे, बाई, खाली बघा, हा काय तुमचा नमुना! एकदा टोचलेही. त्यांनी बोट तोंडात धरले आणि पुढचा टाका घातला.

अठ्ठावन्न साली डोळ्यांना दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत ठेवले. खाली नंदिनीची पाटी आहे. तिच्यावरची सरस्वती त्यांनी पुन्हा कधी पुसली नाही. मला गंज चढतो आहे. ते फूल पाहिलेले आता या जगात मी एकटीच उरले आहे, आणि मला ते काढता येत नाही.

मोठी माणसे भेटली तर त्यांना माझा एवढाच निरोप द्या, की लेकरांची पाटी पुसण्याआधी एकदा उलटून बघा. आणि मित्रांनो, तुम्हाला काही सुंदर सुचले, तर ते उद्यासाठी पालथे घालून ठेवू नका. आई दमून झोपली असली, तरी तिला उठवा.