समुद्राकडची खिडकी

कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावर माणूस कुठल्या चर्चमध्ये जातो ते नंतर विचारतात; डोंगरांना वळसा घालणाऱ्या कॅबट ट्रेलच्या रस्त्यानं कुठल्या बाजूनं जातो, ते आधी. इथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून हाकतात; म्हणून घड्याळाच्या काट्यांसारखं गेलं की ती डोंगराच्या कडेनं चालते. उलटं गेलं की थेट कड्याच्या काठानं, आणि खाली समुद्र. मला कड्याची भीती. म्हणून लग्नापासून आम्ही काट्यांसारखेच गेलो. गाडी लॉकी चालवायचा, मी शेजारी बसून खडक बघायची.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, लॉकीच्या डोळ्यांची मधली नजर जातेय; हिवाळ्यापर्यंत किती उरेल, सांगता येत नाही. लॉकी एवढंच म्हणाला, "एकदा समुद्र बघून घेतो." म्हणजे गाडी आता माझ्याकडे, आणि माझी खडकाची खिडकी त्याच्याकडे. हे मेलं माझ्या ऐन निघताना ध्यानात आलं.

फाट्यावर मी गाडी उलट्या बाजूला वळवली.

"मर्डीना, रस्ता चुकलीस."

"गप्प बस. चालवतंय कोण?"

स्मोकीचा घाट मी मुंगीच्या पावलानं चढले. मागे गाड्यांची ही रांग.

"तुझ्या वरातीत सगळं बेट आलंय," लॉकी म्हणाला.

"येऊ दे. घाई असेल त्यानं उडत जावं."

नील्स हार्बरला गुलाबी खडकांवर उतरलो, तर तोल माझाच गेला. सावरलं मला त्यानंच. पुढचे दोन घाट मी देवाचं नाव घेत काढले.

फ्रेंच माउंटनवर गाडी थांबवली आणि बाकावर टेकलो. खाली आखातभर ऊन पडलं होतं. लॉकी समुद्राकडे तोंड करून बसला, हलेना. मला रडू फुटलं. म्हटलं, याला कुठे दिसतंय.

"रडतेस कशाला?"

"तू समुद्र बघ. जीव मुठीत धरून आणलंय तुला."

"तो बघितला मगाशीच, गाडीतून. तुझ्याकडे सरळ बघितलं ना, तर तोंडाच्या जागी नुसता डाग दिसतो. असं तिकडे बघितलं, की तू कडेला दिसतेस."

मी नाक पुसलं, केस सारखे केले आणि जराही न हलता त्याच्या कडेला बसून राहिले.